जनावर नसलेलं घर

आमच्या गावच्या दूध संस्थेचा एक नियम होता, तो सहकाराच्या कुठल्याच कायद्यात सापडणार नाही. दुधातली फॅट मोजून दर ठरवायच्या यंत्रावर जो बसेल, त्याच्या दावणीला जनावर नसावं. हा नियम गावानंच केला होता आणि त्याला कारणही तसंच होतं. माझ्या आधी यंत्रावर बसणाऱ्या गड्याच्या घरी म्हशी होत्या. त्या म्हशी उन्हाळा म्हणू नका, पावसाळा म्हणू नका, गावात सगळ्यांत दाट दूध द्यायच्या. बाकीच्यांची फॅट पडेल, पण त्याच्या घरची कधी पडायची नाही. एका सकाळी बायकांनी त्याला डेअरीतच कोंडून धरलं आणि मग सभेत ठरलं, की दुधाची पारख तोच करेल ज्याला स्वतःचं दूध घालायचं नाही.

मी बारावी झालेली, मला ते काम हवं होतं. पण माझ्याकडे एक म्हैस होती. ती मी विकली. नवरा तेव्हा परळीच्या औष्णिक केंद्रात कंत्राटदाराच्या हाताखाली राख उपसायला होता. तो म्हणाला, म्हैस गेली की परत येत नसते, नीट विचार कर. मी विचार केला होता. पोरगी दहावीत होती आणि तिच्या डोक्यात नर्स व्हायचं बसलं होतं. अंबाजोगाईला कोणाच्या तरी बाळंतपणात दवाखान्यात राहून आली तेव्हापासून तिनं दुसरं नावच काढलं नव्हतं. म्हैस आटते, आजारी पडते, वैरण मागते. यंत्राचं मानधन महिन्याच्या महिन्याला येणार होतं, ते पोरीच्या नर्सिंगला ठेवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं.

म्हशीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिच्याकडे मी लक्षच दिलं नाही. संस्थेत दूध घालणाराच सभासद आणि सभेत हात वर करायचा हक्कही त्यालाच. दूध बंद, की हातही खाली. मताचं काय लोणचं घालायचंय, असं मी तेव्हा म्हटलेलं मला आठवतं.

दोन वर्षं चांगली गेली. काम मला आवडायचं, हे सांगायला लाज कशाला? पहाटे बायका किटल्या घेऊन रांगेत यायच्या, मी दूध ढवळून नमुना घ्यायचे, आकडा मोठ्यानं वाचायचे आणि कोणाची कुरकुर व्हायची नाही. माझ्या घरात शेण नव्हतं, गोठा नव्हता, म्हणून माझ्या शब्दावर विश्वास होता. ज्या सासरच्या गावात मला लग्नापासून कोणी नावानं ओळखलं नव्हतं, तिथं माझ्या तोंडचा आकडा शेवटचा ठरायला लागला.

मग दुष्काळ पडला. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा झाला, लोक जुन्या बुडालेल्या देवळांच्या पायऱ्या बघायला जायला लागले. परळीत पाणी नाही म्हणून विजेचे संच बंद झाले आणि नवरा ट्रंक घेऊन घरी आला. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत गेली. छावणीतल्या उसाच्या वाढ्यांवर म्हैस जगते, दूध देत नाही. जिथं कॅन भरून उतू जायचे तिथं तळ झाकायची मारामार. दूध न्यायला येणारी गाडी आता रोज परवडत नाही असा निरोप आला आणि चेअरमनची झोप उडाली. मानधनातलं आता घरातही लागत होतं. तरी पोरीच्या शिक्षणाचं साठवलेलं आम्ही होता होईल तो मोडलं नाही.

अशात चेअरमन एके दिवशी डेअरीत आले. नात्यानं ते माझे चुलत सासरे, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. पुण्याच्या एका कॉलेजातून दोन मुली येणार होत्या. त्यांना गावात राहून सहकारी संस्थेत काम शिकायचं होतं. संस्थेनं त्यांना काही द्यायचं नव्हतं. त्यांचं जे काय असेल ते कॉलेजच्या अनुदानातून, आपण फक्त राहायची-खायची सोय करायची. आबांच्या तोंडावर मी कितीतरी दिवसांनी हसू बघितलं. फुकट ते पौष्टिक, ही म्हण कोणी केली माहीत नाही, पण करताना त्याच्या डोळ्यांसमोर आमच्या आबांसारखाच कोणीतरी असणार.

सोय कुठं करायची, तर माझ्या घरी. "तुझ्याकडं जनावर न्हाई, सूनबाई," ते म्हणाले. "माशा न्हाईत, वास न्हाई. शहरातल्या पोरी हायत त्या. रेशनचं संस्था बघून घेईल." संस्थेनं एकदा गव्हाचं अर्धं पोतं पाठवलं, पुन्हा बघितलं नाही.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं नवरा म्हणाला आणि अंथरूण उचलून मारुतीच्या देवळात झोपायला गेला. कारण घरात खोल्या दोनच होत्या. त्या मुली राहिल्या तितके दिवस तो देवळातच झोपला. मुलींना आम्ही सांगितलं, की काकांना उकाड्यात मोकळ्यावर झोपायची सवय आहे.

आता आमच्या भागातल्या पाहुणचाराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाहुणा घरात असताना आपल्या घरात काय नाही हे त्याला कळू द्यायचं नाही. हे कोणी शिकवत नाही, सगळ्यांनाच येतं. टँकरचं पाणी आठवड्यात एखाद्या वेळी यायचं, तरी मुलींच्या अंघोळीची बादली रोज भरलेली असायची. आमच्या अंघोळी ओल्या फडक्यावर आल्या होत्या. त्यांना प्यायला विकतचा जार. आमच्या ताटात कोरडी भाकरी आणि ठेचा, त्यांच्या ताटात भाजी, वरण, वर तूप. त्यांना आधी वाढायचे आणि आम्ही मागून जेवायचो, म्हणजे ताटं शेजारी-शेजारी यायची नाहीत. पोरीनं तिची खाट दिली. दूध मी शेजारणीकडून उसनं आणायचे. यंत्रावर बसणाऱ्या बाईनं चहासाठी दूध मागत फिरावं, याचं मला हसू यायचं तेव्हाही.

मुली मात्र वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर फार सोपं झालं असतं. एक होती ती सदानकदा फोनवर, तिला इथलं ऊन सोसायचं नाही, ती बहुतेक वेळ खोलीत पडून असायची. दुसरी चष्मा लावणारी. ती पहाटे माझ्या आधी डेअरीच्या पायरीवर येऊन बसायची. तिनं यंत्र चार दिवसांत शिकून घेतलं. हाताला कंप नाही, कामाचा कंटाळा नाही. बायकांना ती त्यांची फॅट का पडली हे समजावून सांगायची, आणि बायका माझ्याशी हुज्जत घालायच्या तशी तिच्याशी घालायच्या नाहीत. मला तिचा अभिमान वाटायचा. सांजच्याला ती चुलीपाशी बसायची, माझ्या पोरीला इंग्रजी वाचून दाखवायची, दोघींच्या वयात फार अंतर नव्हतं. काकू, काकू करत पाठीमागं यायची. मला ती आवडायची, हे मी आज रागात असले तरी खोटं बोलणार नाही.

तिनं एकदा जेवणाचे पैसे पुढं केले. कॉलेजनं आम्हाला राहण्या-खाण्याचं दिलंय, हे तुमचं आहे, असं म्हणाली. मी तिचा हात मागं सारला आणि वर चार शब्द सुनावले, की असलं पुन्हा केलंस तर माझ्या घरात जेवू नकोस. नवऱ्यानं देवळातून येऊन हे ऐकलं होतं. त्यानं अडवलं असतं तरी मी तेच केलं असतं. घरी जेवलेल्या पोरीकडून ताटाचे पैसे घेणारी बाई मी झाले असते, तर माझ्या आईनं स्वर्गात तोंड फिरवलं असतं.

चष्मेवालीला शेवटी कॉलेजला एक अहवाल द्यायचा होता. दुष्काळात संस्था कशी तगेल, हा तिचा विषय. त्यासाठी ती आबांच्या ओसरीवर जाऊन बसायची. आबांनी तिला काय काय सांगितलं हे मला मागून कळलं. यंत्रावरच्या बाईला संस्था पगार देते का, असं तिनं विचारलं होतं. आबा म्हणाले, पगार कसला, घरची सून हाय, गावाची सेवा म्हणून बसती, आमी आपलं मानधन म्हणून हातावर टेकवतो. आणि चष्मेवालीनं ते खरं मानलं. का मानणार नाही? ज्या घरात ती राहत होती तिथं रोज तूप होतं, विकतचं पाणी होतं, पैसे पुढं केले तर रागवत होते. ते घर त्या मानधनावर चाललंय, हे तिला कोण सांगणार होतं? आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यापासून ते लपवलं होतं.

वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात मंडप टाकून झाली. सभासद पुढं सतरंजीवर, मी मागं चहाच्या पातेल्यापाशी. माझी पोरगी कप विसळत होती. आबांनी आधी दुष्काळाचं रडगाणं गायलं आणि मग म्हणाले, आपल्या पाहुण्या ताईंनी संस्थेसाठी लई मेहनत घेतलीय, त्यांचं ऐकून घ्या.

ती उभी राहिली. साडी नेसली होती, माझीच होती ती, मीच नेसवली होती. तिनं चांगलं सांगितलं. वैरण एकत्र घ्यायची, दुधाची गाडी शेजारच्या गावाबरोबर वाटून घ्यायची, सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग ती म्हणाली, की आमच्या कॉलेजचं अनुदान पुढची काही वर्षं आहे, प्रत्येक सत्राला विद्यार्थी येतील, यंत्राचं काम ते करू शकतात. त्यात संस्थेचा खर्च वाचेल, तो दूध घालणाऱ्यांच्या दरात देता येईल. मग ती मागं वळून माझ्याकडे बघून हसली.

"आमच्या काकूंनी इतकी वर्षं सेवा म्हणून हे काम केलंय," ती म्हणाली. "आता त्यांना थोडी विश्रांती मिळायला हवी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात चहाची गाळणी होती. ती खाली ठेवून मी दोन पावलं पुढं आले आणि म्हणाले, मला बोलायचंय. आवाज माझा मलाच परका वाटला.

आबांनी मान वर केली. रागावले नाहीत, उलट फार मऊ बोलले. "सूनबाई, सभासदाबिगर सभेत बोलता येत न्हाई. नियम हाय. तुजं दूध कुठं हाय?"

काही जण हसले. वाईट मनानं हसले असं नाही, आबांचं बोलणंच तसं असतं. मी उभीच होते. ज्या गावानं माझ्या घरी जनावर नको म्हणून सांगितलं, तेच गाव आता माझ्या घरी जनावर नाही म्हणून माझं तोंड बंद करत होतं, आणि हे एकालाही विचित्र वाटत नव्हतं. मंजूर असेल त्यांनी हात वर करा, असं आबा म्हणाले. मी माझ्या शेजारणीकडे बघितलं, जिच्याकडून मी चहाचं दूध उसनं आणायचे. तिचा एकच गोऱ्हा छावणीत होता आणि दावणीला एक आटत आलेली म्हैस. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि हात वर केला. माझ्या जावेनं केला. यंत्राच्या रांगेत रोज माझ्याशी चार शब्द बोलल्याशिवाय जिचा दिवस जायचा नाही, त्या म्हातारीनंही केला. दरात थोडी भर पडणार होती. दुष्काळात ती कोणाला नको होती? मला त्यांचा राग आला आणि अजूनही येतो. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, असं शहाणी माणसं विचारतात. मी दूध घालत असते तर यंत्रावर बसलेच नसते आणि हे मला कोणी विचारलंच नसतं, एवढंच माझं उत्तर आहे.

मग माझा सत्कार झाला. आमच्याकडे माणसाला काढून टाकायचं असेल तर आधी शाल घालतात. आबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि चष्मेवालीनं वाकून माझ्या पायाला हात लावला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, पण वैद्याला मारायच्या आधी त्याच्या पाया पडायची पद्धत मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

घरी येताच पोरीनं कपांची टोपली आदळली. ती त्या दोघींच्या खोलीकडे निघाली होती, मी तिचा दंड धरला. सांगते मी त्यांना, ती म्हणाली, कावून सांगायचं न्हाई? माझ्या नर्सिंगचं काय? मी म्हणाले, पाहुण्या आहेत त्या, उद्या जाणार आहेत, तोंडातून शब्द काढलास तर बघ. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की आबांपेक्षा तिला माझीच चीड आली असावी. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, तुझी आई बरोबर बोलतीय. आणि मग मी कणीक तिंबायला बसले. त्या संध्याकाळी मी पुरण घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरसुंब्याला पुण्याची गाडी धरायला त्यांना शेजाऱ्याच्या जीपमधून पाठवलं, वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या.

त्या वर्षी अंबाजोगाईला प्रवेशाची वेळ आली तेव्हा मानधन बंद झालेलं, साठवलेलं घरखर्चात मोडलेलं, आमच्याकडे भरायला काही नव्हतं. परळीचे संच बंदच होते. नवऱ्यानं कंत्राटदाराच्या दारात चकरा मारल्या. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही पोरीला सांगितलं आणि आमच्या घरात पुढचं वर्ष म्हणजे काय, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिनं वाद घातला नाही. वर्षभरानं बीडकडचं एक स्थळ आलं, मुलगा मेकॅनिकच्या हाताखाली काम शिकलेला, चांगला होता. लग्न झालं. आज तिला दोन मुलं आहेत आणि तिच्या गल्लीत कोणाचं बाळंतपण असलं की तिला बोलावतात. बोलावतात म्हणजे बसायला, धीर द्यायला. पुढचं काम नर्स करते.

कॉलेजच्या मुली आणखी दोनदा आल्या, एकदा मुलंही आली. त्यांना जेवायला कुठं पाठवायचं म्हणून आबांनी माणूस धाडला. आता तुला सवड हाय, असा निरोप होता. मी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. मग पाऊस झाला, धरण भरलं, आणि कॉलेजचं अनुदान कुठल्या दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. यंत्रावर आबांचा सख्खा पुतण्या बसला. त्याच्या घरी दुभती जनावरं गोठ्यात मावत नाहीत. नियमाचं काय झालं असं मी एकदा रस्त्यात शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, तो जुना नियम होता, आता कोण पाळतंय.

चष्मेवाली दरवर्षी दिवाळीत फोन करायची. तिला त्या अहवालावर मोठ्या संस्थेत नोकरी लागली होती. गावोगावी विद्यार्थी पाठवायचं कामच ती आता बघते. प्रत्येक वेळी म्हणायची, काकू, तुमच्यामुळे झालं. मी म्हणायचे, सुखी राहा. नवरा बाजूला बसून ऐकायचा आणि उठून जायचा.

परवाच्या दिवाळीत तिचा फोन आला. तिला विद्यार्थ्यांची नवी तुकडी आमच्या गावात आणायची होती, आणि राहायला माझ्याचकडे, कारण तुमच्यासारखं घर मला कुठं मिळालं नाही, असं ती म्हणाली. मग सहज विचारलं, की तुमच्या मुलीचं काय चाललंय, नर्स झाली असेल ना एव्हाना?

इतकी वर्षं मी तिला गोड उत्तरं देत होते, तसंच एक तोंडाशी आलं होतं. हो बाई, मजेत आहे. तेवढं म्हटलं असतं की झालं असतं.

"न्हाई झाली," मी म्हणाले. "तू सभेत माझं काम विद्यार्थ्यांना द्यायला सांगितलंस ना, तिचं शिक्षण त्या कामावर होतं."

मग ती म्हणाली, काकू, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं, मी आबांना थांबवलं असतं.

"तू माझ्या घरी जेवत होतीस," मी म्हणाले.

ती रडायला लागली. ऐकू येत होतं. नवऱ्यानं हातानं खूण केली, की आता पुरे, बोल काहीतरी. मी फोन कानाला लावून बसले आणि तिला गप्प केलं नाही.